कोटाचं माप

हा किस्सा सांगायचा की नाही, हे मी तीनदा ठरवलं आणि तीनदा मोडलं. पण तुम्ही आग्रह करून बसवलंच आहे, आणि माझी मंडळी आता हयात नाही. म्हणजे मधेच "अवं, असं नोतं ते" म्हणून टोकणारंही कोणी उरलं नाही. तेव्हा ऐका. गाढवपणा सगळेच करतात हो, पण माझा लाल कापडात बांधून, वर चिठ्ठी लावून, सरकारी फळीवर ठेवलेला होता. आणि ठेवणारा मीच!

चहा मला नको. ताक असेल तर द्या. का, ते कळेलच.

मी सौंसरात एका सरकारी कचेरीत रेकॉर्डबाबू होतो. जुनी प्रकरणं लाल कापडाच्या बस्त्यांत बांधायची, फळीवर रचायची, साहेबांनी मागितली की काढून द्यायची. बाहेरून आलेलं टपालही आधी माझ्याच टेबलावर यायचं, मग साहेबांकडे जायचं. गावातल्या निम्म्या लोकांची भांडणं आणि गुपितं माझ्या फळीवर होती, आणि त्याचा मला माज होता. माझं स्वतःचं गुपित एकच होतं. मला संग्रहणी होती.

संग्रहणी म्हणजे काय, हे खातापिताना किती सांगावं? थोडक्यात सांगतो. पोटात कळ आली की माणसाजवळ शंभर पावलं असतात. एकशे एकावं पाऊल त्याच्या हातात नसतं. दिवसातून दहादा, कधी पंधरादा. रक्त पडायचं, आव पडायची, उठून उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की आतड्याला आतून जखमा आहेत, हे जन्माचं दुखणं आहे, सांभाळून राहा. मोहगावच्या वैद्यांनी कुड्याची साल आणि ताकभात सुरू केला. दोघांच्या औषधात मी वाळत गेलो.

आणि हे सुरू कधी व्हावं? देश स्वतंत्र झाला त्या सकाळी! कचेरीसमोर झेंडा वर चढत होता, सगळे ताठ उभे होते, आणि मी धोतर सावरत पळालो. परत आलो तोवर पेढे वाटून झाले होते. कुठे गेलात म्हणून विचारलं, तर मी म्हणालो, डोळे भरून आले, चारचौघांत रडायची लाज वाटली. साहेबांनी माझी पाठ थोपटली. तिथून मला खोटं बोलायची चटक लागली.

घर ते कचेरी, रस्ता वीस मिनिटांचा. मला तास लागायचा, कारण वाटेत माझी तीन ठिकाणं होती.

पहिलं, गणपत शिंप्याचं दुकान. दुकानामागे सांदवाडी, म्हणजे आपलं परसदार, आणि तिथे कोपऱ्यात तट्ट्याचा आडोसा. मी दुकानात शिरायचो, एक कोट शिवायचा आहे म्हणायचो, आणि जरा हात धुऊन येतो म्हणून मागे जायचो. परत आलो की गणपत टेप घेऊन उभा. छाती, कंबर, खांदा. सगळं वहीत लिहून घ्यायचा. कापड कोणतं आणू, असं विचारायचा. पुढच्या महिन्यात सांगतो, असं मी म्हणायचो. नऊ वर्षं मी हा कोट शिवत होतो. त्याने एकदाही विचारलं नाही की बाबूजी, एवढी मापं कशाला?

दुसरं, सोनारकाकूंचं घर. तिथे मी सिंधूच्या लग्नातल्या दागिन्यांची चौकशी करायचो. सिंधू माझी मुलगी. तेव्हा चार वर्षांची होती. काकू गंभीर चेहऱ्याने नथीचे नमुने काढून दाखवायच्या.

तिसरं ठिकाण कचेरीच्या अलीकडे, पाटलांचा संत्र्याचा बगीचा. तिथे मी बहार पाहायला जायचो. मला संत्र्याची एक फोड पचत नव्हती, पण झाडांचं पाणी कधी तोडायचं याबद्दल मी पाटलांना सल्ले द्यायचो, आणि पाटील, ज्यांच्या चार पिढ्या संत्र्यात गेल्या, ते मान डोलवून ऐकायचे.

तिन्ही ठिकाणी मागचं दार नुसतं लोटलेलं. दाराशी पाण्याने भरलेला लोटा. तुम्ही असता तर तुमच्या मनात काही आलं असतं की नाही? माझ्या आलं ते असं, की माझं नशीब जोरावर आहे आणि लोक भोळे आहेत.

माझा सगळा संशय होता तो बायकोवर.

रोज दुपारी चुलीपुढचं आवरलं की ती एक टोपली घेऊन बाहेर पडायची. टोपलीवर फडकं. सुटीच्या दिवशी मी घरी असलो आणि विचारलं, की म्हणायची, सोनारकाकूकडे जाऊन येते. एका घरी जायला दोन तास? आणि टोपली जाताना जड, येताना रिकामी. पांढुर्ण्याला तिची बहीण होती, ओढगस्तीत होती बिचारी. मी ठरवून टाकलं की ही पीठ-डाळ कुणाच्या तरी हाती तिकडे पोचवते. एकदा मी तोंडावर बोललो, घर धुऊन नेतेस का म्हणून. तिने फडकं नीट खोचलं आणि गेली.

मग आली राज्यांची वाटणी. नागपूर मुंबई राज्यात जाणार, आणि सौंसर-पांढुर्णा, जिथली बोली तीच, सोयरे तेच, ते राहणार नव्या मध्य प्रदेशात. आमची राजधानी नागपुराहून उठून भोपाळला जाणार. सरकारी नोकरांनी लिहून द्यायचं, हे राज्य की ते. कचेरीत दुसरं बोलणंच नव्हतं. जो इकडे राहील त्याला भोपाळला उचलून नेतील, अशी आवई उठली होती.

मी घाबरलो. भोपाळमध्ये मी कोटाचं माप कुणाकडे द्यायचं? बायको म्हणाली, "आपन इथंच राहू. सायबाले सांगून पाहू ना कोनी." मी म्हणालो, साहेब काय तुझा मामा लागतो? त्यानंतर मला दिसायला लागलं की ती गणपतशी बोलते, सोनारकाकूंशी बोलते, आणि मी आलो की सगळे गप्प होतात.

एका दुपारी कचेरीतून घरी येताना अशी कळ आली की दुकानात शिरून कोटाचं नाव काढायलाही वेळ नव्हता. गल्लीतून थेट मागच्या दाराने गणपतच्या आडोशाला पोचलो. पुढे दुकानात माणसं होती. मी आलोय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"लिहा," सोनारकाकू सांगत होत्या, "नऊ वर्सं झाले, रोजचं हाये. तुमच्या इथं येतेत, आमच्या इथं येतेत, पाटलाच्या बगीच्यात जातेत. हे सायबाले समजलं पायजे."

गणपत म्हणाला, "पन बाबूजीले मालूम नोको पडाले."

मग पाटलांनी सही केल्याचं कळलं, आणि मग एक आवाज आला, तो मी आंधळा झालो असतो तरी ओळखला असता.

"माह्याबी अंगठा घ्या," माझी बायको म्हणाली.

काय सांगू तुम्हाला! मी तिथे लोटा हातात धरून बसलोय, उठता येत नाही, ओरडता येत नाही, आणि तट्ट्यापलीकडे माझं गाव माझ्याविरुद्ध तक्रार लिहितंय. घाण करतो, रोज करतो, याला इथून हलवा. त्यावर बायकोचा अंगठा! ते सगळे निघून जाईपर्यंत मी तसाच बसून राहिलो. पाय बधिर झाले.

मग मी काय केलं असेल? गल्लीतून वळसा घातला, पुढून दुकानात शिरलो आणि म्हणालो, गणपतराव, तो कोट. त्याने टेप काढला. मी हात पसरून उभा राहिलो. तो माझ्या छातीभोवती टेप फिरवत होता आणि मी मनात म्हणत होतो, घे बाबा, तिरडीचंही घेऊन ठेव. त्याने आकडा लिहिला. त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला, आणि त्याचाही अर्थ मी माझ्या सोयीने लावला.

दुसऱ्या दिवशी तो लिफाफा माझ्या टेबलावर आला. साहेबांच्या नावाने, गणपतच्या अक्षरात. साऱ्या नोकरीत मी एक कागद इकडचा तिकडे केला नव्हता. त्या दिवशी केला. लिफाफा फोडला नाही, नोंदवला नाही. कोंडवाड्याच्या निकाली प्रकरणांचा एक जुना बस्ता होता, कुणाची गाय कुणाच्या शेतात शिरली त्याचा. त्याच्या मधोमध तो लिफाफा घातला आणि वर दोन गाठी मारल्या. मग साहेबांपुढे जाऊन लिहून दिलं, मुंबई राज्य. मला घालवण्याआधी मीच जातो, बघा.

हुकूम आला. यवतमाळकडचं एक तालुक्याचं गाव. मी घरी येऊन बायकोला सांगितलं आणि वर ऐटीत म्हणालो, "तुमचा तो कागद सायबाच्या हाती गेलाच नाही. मीच दाबला."

ती चुलीपुढे बसली होती. "बरं," म्हणाली आणि चुलीतली राख टोपलीत भरायला लागली. मी तिच्या हातांकडे पाहत होतो. टोपलीत पीठ नव्हतं, डाळ नव्हती, राख होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि तरी माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही.

आता चार्ज द्यायची वेळ आली. माझ्या जागी जबलपूरकडचे एक बाबू आले होते. माणूस नेकीचा, पण कमालीचा चिकट. प्रत्येक बस्ता सोडा, प्रत्येक कागद मोजा. तिसऱ्या दिवशी कोंडवाड्याची पाळी आली. मी म्हणालो, यात काही नाही, गाईम्हशी आहेत. ते म्हणाले, सोडा. दोन गाठी सुटल्या आणि लिफाफा जमिनीवर पडला.

"ये तो बंद है," असं म्हणून त्यांनी तो फोडला. लिपी ओळखीची, भाषा नाही, म्हणून एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचायला लागले. सगळी कचेरी ऐकत होती. साहेब दारात येऊन उभे राहिले.

"मेहरबान साहेब यांस. आमच्या गावचे रेकॉर्डबाबू यांना संग्रहणी आहे. त्यांस वाटते की कोणास ठाऊक नाही. साहेबांनीही त्यांस कळू देऊ नये, ते मानी आहेत. घर ते कचेरी आमची दारे त्यांच्यासाठी उघडी असतात. त्यांच्या घरच्या बाई रोज दुपारी राख घेऊन येतात आणि तिन्ही ठिकाणे स्वतः साफ करतात. आम्ही नको म्हणतो, त्या ऐकत नाहीत. शिंपी दर महिन्याची मापे बाईंस देतो, ती मोहगावच्या वैद्यांकडे जातात, त्यावरून औषध ठरते. गेल्या वर्षात छाती दोन इंच उतरली आहे. परक्या गावी अशी दारे कोण उघडी ठेवील? तरी त्यांस सौंसरातच ठेवावे. नाही तर माणूस जाईल."

खाली तीन सह्या आणि एक अंगठा.

कचेरीत कोणी हसलं नाही. सगळे आपापल्या कागदात खाली पाहत होते, आणि त्या खाली घातलेल्या माना पाहून मला कळलं की यांनाही ठाऊक होतं. झेंड्याच्या दिवसापासून ठाऊक होतं. साहेब म्हणाले, हा कागद माझ्या हाती वेळेवर आला असता तर मी तुम्हाला इथेच ठेवून घेतलं असतं, तेवढं माझ्या हातात होतं. आता नाही. मी पाटलांच्या बगीच्याकडे पळालो. तिथला लोटा भरलेला होता.

घरी गेलो. बायको सामान बांधत होती. मी विचारलं, "कधीपासून?"

"पयल्या सालापासून."

"आणि मले सांगितलं काहून नाही?"

ती पितळेची भांडी फडक्यात गुंडाळत होती. "तुमी ताठ मानेनं कचेरीत जात होते," ती म्हणाली. "सांगतलं असतं तं गेले असते का?"

मी तिला पीठचोर म्हटलं होतं. माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाली, हे भांडं धरा जरा. आमच्या पिढीत माफी अशीच मागितली जायची, भांडं धरून. मी धरलं. उलटं धरलं, म्हणून तिने ते परत काढून घेतलं.

निघायच्या दिवशी छोट्या लाइनीच्या आगगाडीवर तिघंही निरोप द्यायला आले. पाटलांनी सिंधूसाठी संत्र्यांची करंडी दिली, सोनारकाकूंनी तिच्या गळ्यात काळा मणी बांधला. आणि गणपतने कागदात गुंडाळलेला कोट माझ्या हाती दिला. कधी शिवला, कापड कुठून आणलं, काही सांगितलं नाही. म्हणाला, माप तर होतंच. अंगात घातला तर चपखल बसला. छातीत आणि खांद्यांत त्याने आपल्याकडचा कापूस भरला होता, पातळ थर देऊन, शिवण कळणार नाही असा. नव्या गावच्या साहेबाला एकदम सापळा दिसू नये म्हणून. मी त्याला काहीतरी चांगलं बोलणार होतो. "पैसे किती झाले?" एवढंच तोंडातून निघालं.

नव्या गावी आम्ही पोचलो त्याच्या तिसऱ्या दिवशी मी कचेरीत रुजू व्हायला निघालो. बायको म्हणाली, बाजाराच्या रस्त्यानं जा, तो जवळ पडते. अंगात कोट, पायात नवे जोडे. अर्ध्या वाटेत कळ आली. शंभर पावलं. एकही ओळखीचा चेहरा नाही, सगळी दारं बंद, आणि डाव्या हाताला एक शिंप्याचं दुकान. आता नऊ वर्षांच्या सवयीला मी काय करू? शिरलो आत आणि म्हणालो, "एक कोट शिवायचा होता."

तो शिंपी म्हातारा होता. चष्म्यावरून त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोट तं अंगातच हाये तुमच्या," तो म्हणाला. "जा, मांगचं दार उघडं हाये. लोटा भरून ठेवला. तुमच्या घरच्या बाई काल येऊन सांगून गेल्या."

मी मागे गेलो. दाराशी लोटा होता, आणि आडोशाच्या कोपऱ्यात आमच्या घरची टोपली. वर फडकं. मी तिथे बसून किती रडलो ते सांगत नाही, त्याला साक्षीदार कोणी नाही.

बाहेर आलो तर म्हातारा टेप घेऊन उभा. आधी कोट काढा म्हणाला. मी काढला. कापसासकट कोट बाजूला झाला आणि आत फार थोडा माणूस उरला. त्याने टेप फिरवला, आकडा पाहिला, पुन्हा एकदा फिरवला.

"अठ्ठावीस," तो म्हणाला, आणि वही उघडली.

हा आकडा संध्याकाळी तिच्याकडे जाणार. ती रात्रभर डोळा मिटणार नाही. मी त्याच्याजवळ सरकलो आणि हळूच म्हणालो, दादा, तेवढं तीस लिहा ना.

त्याने अठ्ठावीसच लिहिलं. वहीतून मान वर न काढता म्हणाला, "बाई म्हनल्याच होत्या मले, का तुमी असं म्हनसान."